प्लँकच्या स्थिरांकापासून अणूच्या आकारापर्यंत: मिती जुळवण्याची कृती

प्लँकचा स्थिरांक किती, असं बी.एस्सी.च्या वर्गात विचारलं की ६.६२६ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात, हे उत्तर तोंडपाठ असतं. एकक विचारलं तर ज्यूल-सेकंद हेही लगेच सांगितलं जातं. पण ज्यूल-सेकंदात मोजावं असं निसर्गात आहे तरी काय, हा पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. क्वांटम भौतिकी खरी तिथे सुरू होते. माझं तर स्पष्ट मत आहे की मूलभूत स्थिरांकाचा आकडा विसरला तरी चालेल, तो कुठल्याही पुस्तकात सापडतो. त्याची मिती मात्र डोक्यात पक्की हवी, कारण कोणता स्थिरांक कोणाबरोबर जोडता येतो आणि त्यातून काय निघतं, हे मितीच ठरवते.

खाली दिलेली कृती हायड्रोजन अणूचा आकार काढून देते. श्रोडिंगरचं समीकरण सोडवावं लागत नाही, कलनही लागत नाही. तीन साधी समीकरणं सोडवता आली की पुरे.

साहित्य

कोरा कागद, पेन्सिल, साधा कॅल्क्युलेटर आणि पुढचे पाच आकडे:

एच-बार, म्हणजे प्लँकच्या स्थिरांकाला (एचला) दोन पायने भागून येणारी राशी: १.०५४६ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद
सी, प्रकाशाचा वेग: २.९९८ × १०⁸ मीटर प्रति सेकंद
एम, इलेक्ट्रॉनचं वस्तुमान: ९.१०९ × १०⁻³¹ किलोग्रॅम
ई, इलेक्ट्रॉनवरच्या प्रभाराचं मूल्य: १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम
जी, गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक: ६.६७४ × १०⁻¹¹ मीटर³ प्रति किलोग्रॅम प्रति सेकंद²

आकडे लिहून ठेवा आणि बाजूला सारा. त्यांचं काम पाचव्या पायरीला आहे. एकक कळण्याआधीच कॅल्क्युलेटर हातात घेतला की उत्तर चुकीचं आलं तरी ओळखता येत नाही.

पहिली पायरी: एकक उलगडून त्रिकूट लिहा

प्रत्येक राशीपुढे कंसात तीन आकडे लिहायचे: वस्तुमानाचा घातांक, लांबीचा घातांक, काळाचा घातांक. वेग म्हणजे लांबी भागिले काळ, म्हणून वेगाचं त्रिकूट (०, १, −१). ऊर्जेसाठी गतिज ऊर्जा आठवा. तिच्यात वस्तुमान एकदा आणि वेग दोनदा येतो, म्हणून (१, २, −२). दोन राशींचा गुणाकार केला की त्यांची त्रिकुटं मिळवायची, भागाकार केला की वजा करायची. वर्ग केला की त्रिकूट दुप्पट होतं, वर्गमूळ काढलं की निम्मं.

आता ज्यूल-सेकंद घ्या. ऊर्जेच्या (१, २, −२) मध्ये काळाचा (०, ०, १) मिळवला की (१, २, −१) येतं. हेच त्रिकूट आणखी कुणाचं आहे ते शोधा. वस्तुमान गुणिले वेग गुणिले अंतर: (१, ०, ०), (०, १, −१) आणि (०, १, ०) यांची बेरीज पुन्हा (१, २, −१). ही झाली कोनीय संवेगाची मिती. फिरणाऱ्या कणाचा कोनीय संवेग एच-बारच्या पटीतच असतो, हे नील्स बोरचं १९१३चं गृहीतक मितीच्या दृष्टीने शक्य आहे ते यामुळे. ते खरंच तसं असतं का, हे मिती सांगत नाही. पण एच-बार ऊर्जेच्या किंवा संवेगाच्या पटीत मोजायला निघालेला माणूस पहिल्याच ओळीत अडेल, एवढं ती नक्की सांगते.

उरलेल्यांची त्रिकुटं स्वतः लिहा आणि पडताळून पाहा. सी (०, १, −१), एम (१, ०, ०), जी (−१, ३, −२). जीच्या त्रिकुटात वस्तुमान उणे येतं, ते बघून गोंधळू नका. न्यूटनच्या सूत्रात बलाला दोन वस्तुमानांनी भागावं लागतं, म्हणून एक वस्तुमान खाली उरतं.

याच ठिकाणी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पूर्वी किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्ह्र इथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल होता आणि एच प्रयोगाने मोजला जाई. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायच्या परिषदेत हे उलटं करायचं ठरलं आणि २० मे २०१९ पासून ते लागू झालं. आता एच हा ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद असा कायमचा ठरवून दिलेला आहे आणि किलोग्रॅम त्यावरून काढला जातो. हे करता आलं त्याचं कारण वरच्या त्रिकुटातच आहे. एचमध्ये वस्तुमानाचा घातांक १ आहे, म्हणून मीटर आणि सेकंद आधी ठरलेले असले की एचवरून किलोग्रॅम निघतो. सीवरून तो कधीच निघाला नसता.

दुसरी पायरी: प्रभार एका गटात बांधा

ई त्रिकुटात बसत नाही, कारण कूलोम हे वेगळंच एकक आहे. प्रभारासाठी चौथा रकाना काढता येतो आणि तापमान आलं तर पाचवा. अणूच्या गणितात मात्र याहून सोयीचा मार्ग आहे. दोन प्रभारांमधली ऊर्जा लिहिताना ई नेहमी एका ठरावीक जोडीनेच येतो: ईचा वर्ग भागिले (४ × पाय × एप्सिलॉन-शून्य, म्हणजे निर्वाताचा विद्युत स्थिरांक). या अख्ख्या गटाला एकच नाव द्या. मी त्याला ‘कू’ म्हणतो. कू भागिले अंतर म्हणजे ऊर्जा, म्हणून कू म्हणजे ऊर्जा गुणिले लांबी आणि त्याचं त्रिकूट (१, ३, −२). कूलोम गटाच्या आतच मिटला.

कूची किंमत २.३०७ × १०⁻²⁸ ज्यूल-मीटर.

हा गट बांधण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. बोरच्या काळातले लेख आणि आजही वापरात असलेली बरीच जुनी पुस्तकं सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत लिहिलेली आहेत. तिथे एप्सिलॉन-शून्य नसतोच आणि नुसता ईचा वर्ग म्हणजेच आपला कू. त्या पद्धतीत ई ४.८०३ × १०⁻¹⁰ एकक आहे. त्याचा वर्ग करा, २.३०७ × १०⁻¹⁹ अर्ग-सेंटिमीटर येईल. अर्ग म्हणजे १०⁻⁷ ज्यूल आणि सेंटिमीटर म्हणजे १०⁻² मीटर, म्हणजे वरचाच आकडा मिळाला. दोन पुस्तकांतली सूत्रं वेगळी दिसली की विद्यार्थी हवालदिल होतात. कू लिहायची सवय लावली तर ती सूत्रं एकच होतात.

तिसरी पायरी: कोणते स्थिरांक आत घ्यायचे ते ठरवा

सगळ्या कृतीचा जीव या पायरीत आहे. इथे गणित काही नाही, विचार भरपूर आहे.

रदरफर्डने १९११ मध्ये अणूचं चित्र मांडलं: मध्ये जड केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन. या चित्रात दोनच राशी आहेत, एम आणि कू. त्यांतून लांबी तयार होते का पाहा. हवं आहे (०, १, ०). कूमध्ये काळाचा घातांक −२ आहे आणि एममध्ये काळ नाहीच. काळ शून्य करायचा तर कू वापरताच येत नाही आणि कू सोडला तर लांबी कुठून आणणार? म्हणजे जुन्या भौतिकीत अणूला आकार असण्याचं कारणच नव्हतं. अणू लहान असो की डोंगराएवढा, त्या समीकरणांना फरक पडत नव्हता. बोरने आपल्या १९१३च्या निबंधाच्या सुरुवातीलाच ही उणीव दाखवली आणि प्लँकचा स्थिरांक आणला की हवी तेवढी लांबी मिळते, हेही तिथेच सांगितलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९१० मध्ये, व्हिएन्नाच्या आर्थर हासने एच आणि अणूचा आकार यांची सांगड घातली होती. क्वांटमचा विचार अणूत शिरला तो मितीच्या या फटीतून. मला ही घटना विज्ञानाच्या इतिहासातली फार मोठी वाटते आणि पाठ्यपुस्तकं ती एका ओळीतही सांगत नाहीत याचं वाईट वाटतं.

तेव्हा एच-बार आत घ्या. सी घ्यायचा का? तूर्त नको. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या मानाने सावकाश फिरतो असं गृहीत धरू आणि सहाव्या पायरीला ते तपासू. जीसुद्धा नको, कारण अणूतलं आकर्षण विजेचं आहे. म्हणजे आपल्याकडे एम, एच-बार आणि कू असे तीन स्थिरांक झाले. रकाने तीन आणि स्थिरांकही तीन, म्हणून उत्तर एकच येणार.

चौथी पायरी: समीकरणं मांडून सोडवा

एमचा घातांक अ, एच-बारचा ब, कूचा क धरा. रकान्यांची बेरीज (०, १, ०) यायला हवी.

वस्तुमान: अ + ब + क = ०
लांबी: २ब + ३क = १
काळ: −ब − २क = ०

तिसऱ्यावरून ब = −२क. ते दुसऱ्यात घाला: −४क + ३क = १, म्हणून क = −१. मग ब = २ आणि पहिल्यावरून अ = −१.

म्हणजे लांबी = एच-बारचा वर्ग ÷ (एम × कू).

पुढे जाण्याआधी त्रिकूट मिळवून एकदा पडताळा: (२, ४, −२) मधून (१, ०, ०) आणि (१, ३, −२) वजा केलं की (०, १, ०) उरतं. बरोबर.

सूत्र वाचूनही बघा. वस्तुमान खाली आहे, म्हणजे जड कण केंद्रकाच्या जवळ राहील. कू खाली आहे, म्हणजे ओढ वाढली की अणू आकसेल. एच-बार वर आहे, तो शून्य केला तर अणू केंद्रकात कोसळेल. सूत्र मनाला पटलं की मगच आकडे घाला.

पाचवी पायरी: आकडे

एच-बारचा वर्ग १.११२ × १०⁻⁶⁸. खाली ९.१०९ × १०⁻³¹ गुणिले २.३०७ × १०⁻²⁸, म्हणजे २.१०१ × १०⁻⁵⁸. भागाकार ५.२९ × १०⁻¹¹ मीटर. हीच बोर त्रिज्या, ०.०५२९ नॅनोमीटर.

सहावी पायरी: त्याच तिघांकडून वेग, ऊर्जा आणि काळ काढा

पद्धत तीच, फक्त उजवीकडचं त्रिकूट बदला. वेगासाठी कू ÷ एच-बार येतं, २.१९ × १०⁶ मीटर प्रति सेकंद. याला सीने भागा: ०.००७३, म्हणजे साधारण १/१३७. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या १३७व्या हिश्शाने धावतो, तेव्हा सी बाहेर ठेवला ते योग्य झालं. हे गुणोत्तर म्हणजेच सॉमरफेल्डने १९१६ मध्ये पुढे आणलेला आल्फा. त्याचं त्रिकूट (०, ०, ०) आहे, म्हणून मीटर वापरा की फूट, तो १/१३७च राहतो.

ऊर्जेसाठी एम × कू² ÷ एच-बार² येतं, ४.३६ × १०⁻¹⁸ ज्यूल किंवा २७.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन काढायला १३.६ लागतात, म्हणजे बरोबर निम्मे. हा अर्धा मितीतून येत नाही, तो खऱ्या गणितातूनच काढावा लागतो.

काळासाठी एच-बारचा घन ÷ (एम × कू²), सुमारे २.४ × १०⁻¹⁷ सेकंद, म्हणजे २४ अ‍ॅटोसेकंद. २०२३चं भौतिकीचं नोबेल पिएर अगोस्तिनी, फेरेन्त्स क्राउस आणि आन लुइलिए यांना अ‍ॅटोसेकंदांच्या प्रकाशस्पंदांसाठी मिळालं. अणूतल्या इलेक्ट्रॉनची हालचाल टिपायला इतके छोटे स्पंद का लागतात, ते या एका ओळीच्या गणितावरून दिसतं.

आता सी आत घेऊन बघा. स्थिरांक चार आणि समीकरणं तीन, म्हणून उत्तर एक राहत नाही. एच-बार ÷ (एम × सी) ही लांबी मिळते, ३.८६ × १०⁻¹³ मीटर. कू ÷ (एम × सी²) हीसुद्धा मिळते, २.८२ × १०⁻¹⁵ मीटर. बोर त्रिज्येला १३७ने भागलं की पहिली येते, पहिलीला १३७ने भागलं की दुसरी. मितिहीन आल्फा कितीही वेळा गुणला तरी मिती बदलत नाही, म्हणून या सगळ्या लांब्या मितीच्या नजरेत सारख्याच. अशा वेळी कोणती लांबी कामाची, ते भौतिकीच्या समजुतीने ठरवायचं.

सातवी पायरी: एच की एच-बार, याची खात्री करा

चौथ्या पायरीत एच-बारऐवजी एच घातला असता तर त्रिकुटं हुबेहूब जुळली असती आणि उत्तर ३९.५ पट मोठं, जवळपास २ नॅनोमीटर आलं असतं. मिती ही चूक पकडत नाही. हर्ट्झ आणि रेडियन प्रति सेकंद, दोघांचंही त्रिकूट (०, ०, −१) आहे. म्हणून नियम हाताशी ठेवा: सेकंदाला किती आवर्तनं, असं मोजत असाल तर एच, कोन किंवा कोनीय संवेग असेल तर एच-बार. प्रकाशकणाची ऊर्जा एच × वारंवारता, इलेक्ट्रॉनच्या फिरण्यासाठी एच-बार.

आठवी पायरी: रोजच्या वापरासाठी तीन जोड्या पाठ करा

दहाचे उणे घात सांभाळत बसण्यापेक्षा इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि नॅनोमीटर वापरा. एच-बार × सी = १९७.३, कू = १.४४, दोन्ही इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटरमध्ये, आणि एम × सी² = ५,११,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट. बोर त्रिज्या मग १९७.३चा वर्ग ÷ (५,११,००० × १.४४) = ०.०५२९ नॅनोमीटर. सी वर आणि खाली दोन्हीकडे दोनदा आला, म्हणून निघून गेला. एच × सी म्हणजे १२४०, तेव्हा ६२० नॅनोमीटरचा लालसर प्रकाश म्हणजे २ इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण, हे तोंडी येतं.

केंद्रकात शिरलात तर हाच १९७.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट-फेम्टोमीटर होतो. केंद्रकातलं बल सुमारे २ फेम्टोमीटरपर्यंतच पोचतं, तर ते वाहणाऱ्या कणाची ऊर्जा १९७ ÷ २, जवळपास १०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असावी. युकावाने १९३५ मध्ये इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट वस्तुमानाचा कण सुचवला तो याच हिशोबाने. १९४७ मध्ये सापडलेला तो कण, पायॉन, १४० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा निघाला.

नववी पायरी: परक्या सूत्राची तपासणी

नवं सूत्र समोर आलं की आधी एकक उलगडा. उदाहरणार्थ एच ÷ ई². ज्यूल-सेकंद भागिले कूलोम². ज्यूल म्हणजे व्होल्ट-कूलोम, तेव्हा एक कूलोम कटतो आणि व्होल्ट-सेकंद भागिले कूलोम उरतं. कूलोम प्रति सेकंद म्हणजे अँपिअर, म्हणून व्होल्ट भागिले अँपिअर, म्हणजे ओहम. नुसत्या दोन स्थिरांकांतून विद्युतरोध तयार झाला. किंमत २५,८१२.८ ओहम. क्लाउस फॉन क्लिटझिंगला फेब्रुवारी १९८० मध्ये ग्रेनोबलला सिलिकॉनच्या नमुन्यात नेमक्या याच रोधाचे पूर्णांक भाग दिसले. नमुना कसा कापला आहे यावर ते अवलंबून नव्हते. १९८५चं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं.

जिथे मिती थांबते

एच-बार, सी आणि जी एकत्र घ्या. एच-बार × सी ÷ जी याचं त्रिकूट (२, ०, ०), म्हणून वर्गमूळ काढलं की वस्तुमान मिळतं, २.१८ × १०⁻⁸ किलोग्रॅम. याला प्लँक वस्तुमान म्हणतात. त्यात प्रोटॉनचं वस्तुमान, १.६७३ × १०⁻²⁷ किलोग्रॅम, मिसळलं की ताऱ्यांचा हिशोब करता येतो. पण इथे दोन वस्तुमानं आहेत, त्यांचं गुणोत्तर मितिहीन आहे आणि त्याचा कोणताही घात मितीला चालतो. नेमका घात कोणता?

श्वेतबटू ताऱ्यात एका इलेक्ट्रॉनची क्वांटम ऊर्जा, तारा फार दाबला गेला की, एच-बार × सी × (कणांच्या संख्येचं घनमूळ) ÷ त्रिज्या इतकी होते. त्याच्या वाट्याची गुरुत्वाची ऊर्जा जी × संख्या × प्रोटॉनचं वस्तुमान² ÷ त्रिज्या. दोन्हीकडे त्रिज्या खाली आहे, ती कटते. राहिली फक्त संख्या, आणि ती एच-बार × सी ÷ (जी × प्रोटॉनचं वस्तुमान²) याच्या दीडाव्या घाताइतकी निघते, सुमारे २.२ × १०⁵⁷. प्रोटॉनच्या वस्तुमानाने गुणलं की ३.७ × १०³⁰ किलोग्रॅम, सूर्याच्या १.८५ पट. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला जाताना श्वेतबटूच्या वस्तुमानाच्या ज्या मर्यादेपाशी पोचले, ती पूर्ण गणिताने सूर्याच्या सुमारे १.४ पट येते. दीडावा घात मितीने दिला नाही, तो दोन ऊर्जांच्या स्पर्धेने दिला. घात कळल्यावर मात्र ताऱ्याचं वस्तुमान पाठकोऱ्या कागदावर निघालं.

आता एक गणित तुम्ही करा. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनवर प्रभार नसता आणि त्यांना फक्त गुरुत्वाने बांधलं असतं, तर हायड्रोजन केवढा झाला असता? जी × एम × प्रोटॉनचं वस्तुमान याचं त्रिकूट लिहा. ते (१, ३, −२), म्हणजे कूचंच येईल, म्हणून चौथ्या पायरीतल्या सूत्रात कूच्या जागी हा गुणाकार थेट ठेवता येतो. उत्तर सुमारे १.२ × १०²⁹ मीटर यायला हवं. दृश्य विश्वाचा व्यास सुमारे ८.८ × १०²⁶ मीटर आहे.